पूर्वेची फांदी

४ मार्च

पोहोचले एकदाची. नव्या जागी पाय ठेवल्यावर पहिल्या तासात कुणाशीही भांडण झालं नाही, अशी ही गेल्या कित्येक वर्षांतली पहिलीच वेळ. टॅक्सीवाल्याशीसुद्धा नाही. धाकट्याला कळवलं तर तो म्हणेल, ताई, ताप बघून घे.

जागा सुरेख आहे. दोनशे वर्षांपूर्वीचं दगडी इस्पितळ. शेवटचा रुग्ण जाऊन चाळीस वर्षं झाली, आता लोक तिकीट काढून बघायला येतात. चौकोनी इमारत, चारी बाजूंनी कमानींचा व्हरांडा, आणि मधल्या अंगणात तो नीलमोहर, ज्याच्यासाठी मला बोलावलं आहे.

तीस वर्षं मी झाडांची दुखणी काढते आहे, त्यामुळे झाड बघून वा वा करायची सवय सुटली आहे. डॉक्टर काय रुग्णाच्या नाकाडोळ्यांचं कौतुक करत बसतो? पण आज बॅग हातात तशीच धरून मी पाच मिनिटं उभी राहिले. खोड तिघांच्या कवेत मावणार नाही. साधारण डोक्याच्या उंचीवर ते चार फांद्यांत फुटलं आहे, चार दिशांना चार. पूर्वेची फांदी सगळ्यांत देखणी. वर न जाता जवळजवळ आडवी पसरली आहे, खालून माणूस मान न वाकवता जेमतेम जाईल. सध्या पानं झडलीत आणि शेंड्यांना कळ्या धरल्यात. महिन्याभरात अंगण जांभळं होईल.

माझी खोली वरच्या मजल्यावर, जुन्या औषधखान्यात. भिंतभर खणांचं कपाट, प्रत्येक खणावर औषधाचं पुसट नाव. मी त्यात मोजे ठेवले.

माणसं चार. तिकिटाच्या खिडकीत बसते ती मावशी, सुतार, म्हातारा पहारेकरी आणि अधीक्षक. अधीक्षक इतके हळू आणि इतके गोड बोलतात, की ऐकायला पुढे वाकावं लागतं. मी त्यांचं नाव मऊसाहेब ठेवलं.

एक गोष्ट खटकली. झाडाला पत्र्याचे बिल्ले बांधलेत, तारेनं. पूर्वी रुग्ण दाखल झाला की त्याच्या नावाचा बिल्ला एखाद्या फांदीला बांधायचे. फांदी तरारली की माणूस बरा होणार, अशी समजूत. इस्पितळ गेलं, बिल्ले राहिले. आता नोकरीला लागेल त्याचा बांधतात. मऊसाहेबांनी माझ्यासाठीही कोरा बिल्ला काढून ठेवला होता. मी म्हटलं, झाडाच्या गळ्याला फास लावायला मी आलेली नाही. ते हसले. मीही हसले. दिवस चांगला गेला.

७ मार्च

आज दिवसभर झाडावर होते. कमरेला पट्टा, दोर आणि लाकडी हातोडी. ठोकत जायचं आणि कान देऊन ऐकायचं, कलिंगड घेताना लोक ठोकून बघतात तसं. भरीव आवाज आला तर पुढे, पोकळ आला तर खडूनं खूण. खडू खिशातच राहिला. इतकं जुनं झाड इतकं ठणठणीत मी पाहिलेलं नाही. फक्त उत्तरेला मनगटाएवढी एक फांदी वाळली आहे. तिच्यावर पहारेकऱ्याचा बिल्ला.

बिल्ल्यांच्या तारा मात्र बघवत नाहीत. सगळ्या सालीत रुतून गडप झाल्यात. वर सालीची गुठळी आणि तिच्यातून डोकावणारा पत्रा. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. खाली उतरून तशीच मऊसाहेबांकडे गेले आणि विचारलं, की हे कुठल्या शहाण्याचं काम? ते म्हणाले, परंपरा आहे, मॅडम. मी म्हटलं, परंपरा असेल तर स्वतःच्या गळ्यात बांधा. तर म्हणाले, आमचाही आहे की, पश्चिमेच्या फांदीवर. बघितला ना?

बघितला होता. सगळ्यांत जाड फांदीवर, सगळ्यांत निरोगी.

१३ मार्च

धाकटा येऊन गेला.

सहा वर्षं आम्ही बोललो नव्हतो. बाबांच्या शेवटच्या आठवड्यात मी दूर कुठल्यातरी बागेत वादळानं कलंडलेलं झाड उभं करत होते. दोन दिवसांत येते, दोन दिवसांत येते म्हणत राहिले. पोहोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. धाकट्यानं दारातच सांगितलं, की तू झाडंच सांभाळ, माणसं सांभाळणं तुझ्याच्यानं व्हायचं नाही. मी उलट दुप्पट बोलले. मग सहा वर्षं दोघंही तोंडाला कुलूप लावून बसलो. गेल्या महिन्यात त्यानंच फोन केला. त्याचा स्वभाव चांगला आहे, माझा नाही.

डोंगरातल्या रस्त्यावर तो बस चालवतो, चाळीस माणसं मागे घेऊन वळणं घेतो आणि वर गातो. आज रजा काढून आला. अंगणात शिरला आणि गप्प झाला. हा प्राणी गप्प होतो हे मला माहीतच नव्हतं. फुलं अजून चारदोनच उमलली आहेत, तरी पूर्वेच्या फांदीखाली तासभर उभा. मग म्हणाला, ताई, मी घरून तुझ्याशी भांडायचे पाच मुद्दे पाठ करून आलो होतो, या झाडाखाली एकही आठवेना.

मावशीनं त्याला दोनदा चहा दिला. मऊसाहेबही येऊन त्याच्याशी बोलले, घरी कोण कोण, नाव कसं लिहिता, वगैरे. लोक त्याच्याशी लगेच बोलू लागतात. जाताना त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली. मोठ्या बहिणीच्या!

१९ मार्च

उत्तरेची वाळकी फांदी आज काढली. वाळलेलं लाकूड झाडावर ठेवायचं नसतं, त्यातून कीड आत जाते. धंद्यातला पहिला नियम. दहा मिनिटांचं काम. बिल्ला सुटला तो खिडकीवर नेऊन ठेवला आणि मावशीला म्हटलं, पहारेकऱ्याला दे. मावशी बिल्ल्याकडे बघत राहिली. मग खिडकी बंद करून रडायला लागली.

२० मार्च

पहारेकरी गेला. काल दुपारीच, जिन्यावर बसल्या बसल्या.

सुतार मला अंगणात भेटला आणि वर न बघता म्हणाला, बाई, तेवढं विचारून तरी कापायचं. मी विचारलं, काय विचारायचं? कुणाला? तेव्हा कळलं, की पहारेकरी सहा महिने खोकत होता आणि फांदी सहा महिने वाळत होती. ती कुणी कापू नये म्हणून तो रोज झाडाखाली खुर्ची टाकून बसायचा. काल फक्त जेवायला उठला होता.

हे सगळ्यांना माहीत होतं. अळीमिळी गुपचिळी! दोन आठवडे मी यांच्यासोबत जेवते आहे आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. मऊसाहेबांनी सांगितलं होतं म्हणे, मॅडमना असल्या गोष्टी आवडत नाहीत, सांगू नका.

मी म्हातारपण आणि खोकला यांना दोष दिला आणि सुतारावर ओरडले. खुळचट समजुती, म्हटलं.

२३ मार्च

झोप नाही. मग माझ्या पद्धतीनं शोध घ्यायचा ठरवला. या झाडाची छाटणीची वही आहे, पहिल्या दिवसापासूनची. कोणती फांदी कोणत्या तारखेला काढली, कुणी, का. आमच्या कामात असली वही ठेवावीच लागते. आणि संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात इस्पितळाची मृत्यूंची नोंदवही आहे. मावशीकडून किल्ली घेतली आणि दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडून बसले.

चाळीस छाटण्या तपासल्या. चाळीस मृत्यू. त्याच तारखा. एकही चुकली नाही.

माणसं मेली म्हणून फांद्या कापल्या असतील, असं आधी मनाला समजावलं. पण छाटणीच्या वहीत वेळ लिहिलेली असते, आणि दुसऱ्या वहीतही. आधी करवत, मग माणूस. प्रत्येक वेळी.

म्हणजे पहारेकऱ्याला मी मारलं. मला हे सांगितलं असतं तर मी त्या फांदीला हातही लावला नसता. मला राग येतो आहे, इतका की अक्षर कागदात रुततं आहे.

२६ मार्च

पूर्वेच्या फांदीवर नवा बिल्ला आहे.

आज सकाळी खिडकी उघडली आणि फुलांमध्ये काहीतरी चकाकलं. खाली गेले. धाकट्याचं नाव. पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट, सुबक ठोकलेलं.

मऊसाहेबांच्या खोलीत मी दार न वाजवता गेले. ते पत्र लिहीत होते, ते त्यांनी आधी पूर्ण केलं. मग सांगितलं, की तुम्ही स्वतःचा नको म्हणालात म्हणून भावाचा बांधला, तो येऊन गेला त्याच दिवशी. याआधी पाच झाडवाले आले आणि पाचही वर्षाच्या आत सोडून गेले. नोकरीनं माणूस टिकत नाही, मॅडम, मायेनं टिकतो. आता तुम्ही हे झाड जिवापाड जपाल, याची आम्हाला खात्री आहे.

मी टेबलावरचं सगळं खाली लोटलं. दौत फुटली, शाई त्यांच्या विजारीवर उडाली. त्यांनी रुमाल काढून पुसली आणि म्हणाले, काही हरकत नाही.

गोगलगाय आणि पोटात पाय.

२७ मार्च

तार काढता येत नाही. चौदा दिवसांत साल तिच्यावरून फिरली आहे. दहा वर्षांत होईल तेवढी वाढ चौदा दिवसांत! काढायची तर साल कापावी लागेल. चाकूचं टोक लावलं, नखाएवढा ओरखडा काढला आणि थांबले.

अर्ध्या तासानं धाकट्याचा फोन. गंमत सांगतो म्हणाला. स्टिअरिंगवर हात होता आणि मनगटावर आपोआप चर्रकन ओरखडा उठला, मांजर नाही, बायको नाही, कुणी नाही. हसत होता.

मी त्याला सगळं सांगितलं. वह्या, तारखा, पहारेकरी, बिल्ला. तो म्हणाला, ताई, तू एकटी फार राहतेस, आमच्याकडे ये चार दिवस. माझ्यावर दया दाखवत होता! मी फोन आपटला. मग स्वतःवरच चिडले, कारण त्याच्या जागी मीही विश्वास ठेवला नसता.

२ एप्रिल

झाड पूर्ण फुललं आहे.

एकही पान नाही, नुसती फुलं, आणि खाली दगडांवर तेवढ्याच फुलांचा सडा. वर आणि खाली सारखंच. दुपारचं ऊन त्यातून येतं तेव्हा माणसांचे चेहरेसुद्धा जांभळट दिसतात. गेटाबाहेर रांग लागते. आत येतात, मान वर करतात आणि सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघतो. मुलं, म्हातारे, नुकतं लग्न झालेली जोडपी.

आणि मी त्या सगळ्यांचा द्वेष करते. किती सुंदर, किती सुंदर! यांना काय माहीत ते सुंदर काय खाऊन झालं आहे. आज एका बाईंनी मला विचारलं, अशा झाडाची सेवा करायला मिळते, तुम्ही किती भाग्यवान! मी असं काही बोलले, की त्यांनी तक्रारवही मागितली.

खरं ते लिहून ठेवते. सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा, की मलाही ते सुंदर दिसतं. सकाळी खिडकी उघडली की आधी जीव सुखावतो आणि मग आठवतं.

दिवसातून दहा वेळा पूर्वेची फांदी तपासते. ती उत्तम आहे. ठीक आहे, आयुष्यभर तपासेन. मुकाट्यानं राहीन इथं. हरले मी, असं मनाशी म्हणून टाकलं.

५ एप्रिल

सकाळी नऊला मऊसाहेब झाडाखाली आले. हातात दोन कोरे बिल्ले. म्हणाले, तुमच्या भावजयीचं आणि भाचीचं नाव कसं लिहायचं, भाऊ म्हणाले होते पण आम्ही विसरलो. भाची सात वर्षांची ना?

मी म्हटलं, थांबा, सांगते.

करवत कमरेलाच होती. पश्चिमेच्या फांदीवर चढले. शंभर माणसं बघत होती. मोठी फांदी तीन घावांत काढतात. पहिला खालून, अर्ध्यावर नाही, पाव. म्हणजे साल फाटत जात नाही. दुसरा त्याच्या पुढे, वरून. फांदी सुटते. मग उरलेला खुंट खोडालगत, सफाईनं. मी घाई केली नाही. दुसरा घाव अर्ध्यावर आला तेव्हा मऊसाहेबांनी पहिल्यांदाच मोठा आवाज काढला. त्यांचा आवाज चांगला खणखणीत आहे की! फांदी पडली. ते बाकावर बसले, जसा कुणी दमून बसतो तसे, आणि बिल्ले हातातून गळले.

डॉक्टर म्हणाले, हृदय. अपघाती काही नाही. मला कुणी काही विचारलं नाही. बाई फांदी कापत होती, साहेब बाकावर गेले, एवढंच सगळ्यांनी पाहिलं.

मला पश्चात्ताप नाही. उद्या वाटेल कदाचित. आज नाही.

६ एप्रिल, सकाळ

मावशी गेली. सुतार गेला. पेटी, कपडे, सगळं घेऊन. आता ही बाई कुणाचीही फांदी कापेल, असं मावशी गेटावर म्हणाली म्हणे. मी! भावजयीला, भाचीला वाचवायला मी — जाऊ दे. त्यांच्या जागी मीही पळाले असते. गेट मी आतून बंद केलं. आज कुणाला प्रवेश नाही.

६ एप्रिल, दुपार

वारा सुटला आहे. पश्चिमेचा.

मी गाढव आहे. तीस वर्षं झाडं कापणारी, शिकवणारी, दुसऱ्यांच्या चुका काढणारी गाढव.

एका बाजूची मोठी फांदी काढली की झाडाचा तोल जातो, समोरच्या फांदीवर सगळा भार येतो. आणि जी फांदी वारा अडवत होती तीच गेली, तर समोरच्या फांदीला आयुष्यात कधी न लागलेला वारा लागतो. हे मी नवख्यांना पहिल्या आठवड्यात सांगते. कापण्याआधी समोर बघा. समोर काय आहे ते बघा!

समोर पूर्वेची फांदी होती. मी बघितलं नाही. मला फक्त त्या माणसाचा चेहरा दिसत होता.

६ एप्रिल, चार वाजता

बेचक्यात फट आहे. पूर्वेची फांदी खोडाला मिळते तिथं, वरच्या अंगाला. केसाएवढी. सकाळी नव्हती.

धाकट्याला फोन केला. खांद्यातून कळ येते म्हणाला, झोपेत अवघडला असेल. उद्या रजा घे, म्हटलं. बस चालवू नकोस. पाया पडते. तो घाबरला. माझ्या बोलण्याला नाही, मी पाया पडते म्हटलं त्याला.

७ एप्रिल, सात वाजता

फटीत नख जातं. दोन पट्टे आवळून खोडाला बांधले, दोर वर घेऊन ताणला. टेकू हवा. सुताराला फोन केला, रडले. कधी कुणासमोर रडत नाही मी. तो आला. आत आला नाही. गेटाबाहेर एक टेकू ठेवून गेला, चांगला सागाचा. चांगला माणूस.

वीतभर आखूड आहे. खाली विटा रचल्या.

७ एप्रिल, अकरा

वारा वाढतो आहे. विटा मातीत रुतताहेत. मुळांभोवतीची माती मीच गेल्या महिन्यात भुसभुशीत केली, मुळांना हवा मिळावी म्हणून. सगळं मीच. सगळं नियमानं.

फटीत बोट जातं.

फोन केला. धाकटा उचलत नाही. भावजय म्हणते, सकाळी निघाला. बस घेऊन? तिला माहीत नाही. तिच्यावर ओरडले. बिचारी.

७ एप्रिल, बारा

टेकू सरकला, फांदी खांद्याच्या उंचीवर आली. मी खाली शिरले. खांदा लावला आहे. टेकू आणि मी, दोघं मिळून. फांदी कानाजवळ करकरते. खांद्याला जड आहे, पण पेलते. पाय रोवून उभी आहे. पेलते.

गेटावर लोक जमले. गजांतून फोटो काढताहेत. कुणी तरी या म्हणून हाका मारल्या, कुणीही या, एक माणूस पुरे. ते हात हलवतात. हसतात. त्यांना वाटतं मी फोटोसाठी उभी आहे. शिव्या दिल्या. आवाज बसला, घशातून नुसती हवा. वही पट्ट्याला होती, डावा हात मोकळा. म्हणून लिहिते. कुणी आलं तर दाखवायला. मला खालून काढू नका. टेकूखाली विटा घाला, आणखी विटा. आधी विटा.

फुलं पडताहेत. वहीवर. झटकायला हात नाही.

एक वाजला असेल

गेटावर धाकटा.

बस नाही, एकटा आहे. माझा कालचा फोन ऐकून सगळं सोडून आला. माझ्यासाठी. जिवंत आहे, चालतो आहे, खांदा धरून चालतो आहे. देवा. ताई म्हणून ओरडतो. बाहेर हो, म्हणतो, ती पडतेय, तुझ्या डोक्यावर पडतेय. मान हलवली. आवाज नाही. नाही म्हणून मान हलवली, त्याला वाटलं मला वेड लागलं.

गेट चढतो आहे. एका हातानं. मोठ्या अक्षरात लिहिते, आला की डोळ्यांपुढे धरेन —

हे वाच. आधी वाच, मग हात लाव. मी झाडासाठी उभी नाही. मला झाड नको आहे. ही फांदी

उडी मारली. धावत येतोय

वाच रे आधी. तुझ्यासाठी उभी आहे मी. मला ओढू नकोस, विटा

वही बघत नाही. माझ्याकडे बघतोय. रडतोय. माझा हात धरला —

सोड. मी निघाले की ती

सोड ना रे सोड, तुझी आहे ही, तुझ